एकोणतीस महिन्यांचं गणित

अमेरिकेतल्या आरोग्यविम्याच्या नियमांत २९ हा एक चमत्कारिक आकडा आहे. नोकरी सुटली तर कंपनीने काढलेला विमा स्वतःच्या खिशातून हप्ता भरून १८ महिने चालू ठेवता येतो. नोकरी सुटलेला माणूस अपंग झालेला असेल तर ही मुदत २९ महिन्यांपर्यंत वाढते. १८ म्हणजे दीड वर्ष, हे समजतं. २४ असते तरी कुणाला काही वाटलं नसतं. मग २९ आले कुठून? ही पाच आणि चोवीसची बेरीज आहे. सरकारने माणसाचं अपंगत्व मान्य केलं तरी त्याचा भत्ता लागू व्हायला पाच महिने जावे लागतात. भत्ता लागू झाल्यावर मेडिकेअर हा सरकारी विमा मिळायला आणखी चोवीस. १९८९ साली ही वाढीव मुदत कायद्यात घातली, तेव्हा संसदेला ती प्रतीक्षाच कमी करता आली असती. तिने प्रतीक्षा होती तशी ठेवली आणि त्या काळात माणसाने पदरच्या पैशाने विमा चालवावा एवढी मुभा दिली.

म्हणजे खड्डा कुठे आहे आणि किती लांब आहे, हे कायदा करणाऱ्यांना महिन्यांच्या हिशेबात ठाऊक होतं. मला या विषयात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. अपघात अचानक होतो, पण त्यामुळे विमा जातो तो अचानक जात नाही. तो रीतसर, पत्रव्यवहार करून, ठरलेल्या तारखेला जातो. त्या तारखा माहीत असणं आणि नसणं यात एका कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीचा फरक पडू शकतो. ‘मुलाला तिकडे कंपनीचा इन्शुरन्स आहे, काळजी नाही’ असं पुण्या-नाशकातल्या कितीतरी घरांत म्हटलं जातं. त्या घरांनाही या तारखा माहीत असायला हरकत नाही.

नोकरी आणि औषधपाणी यांची ही गाठ कुणी मुद्दाम विचार करून मारलेली नाही, ती पडत गेली. १९२९ साली टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात बेलर रुग्णालयाचा कारभार जस्टिन फोर्ड किंबॉल या गृहस्थांकडे होता. रुग्णालयाची बिलं थकायची, आणि थकबाकीदारांत शाळाशिक्षक बरेच. किंबॉल यांनी त्यांच्यापुढे एक योजना ठेवली: दरमहा ५० सेंट भरा आणि वर्षातून २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात राहण्याची सोय मिळवा. पुढे देशभर पसरलेल्या ‘ब्लू क्रॉस’ या रुग्णालयविम्याचं मूळ या योजनेत आहे. पण गाठ घट्ट झाली ती युद्धात. ऑक्टोबर १९४२च्या कायद्याने महागाई आवरण्यासाठी पगार गोठवले. मात्र विमा आणि पेन्शनसारख्या सवलती, वाजवी प्रमाणात असतील तर, त्या बंधनातून सुटल्या. तरुण माणसं आघाडीवर गेलेली, कारखान्यांना हात मिळेनात. पगार वाढवता येत नाही म्हणताच कंपन्या विमा देऊ लागल्या. १९५४च्या करकायद्याने यावर शिक्का मारला: मालकाने भरलेला हप्ता कामगाराचं उत्पन्न धरला जाणार नाही, त्यावर कर नाही. मधल्या काळात, नोव्हेंबर १९४५ मध्ये, अध्यक्ष ट्रुमन यांनी साऱ्या देशासाठी एक आरोग्यविमा मांडून पाहिला. डॉक्टरांच्या संघटनेने तो समाजवाद असल्याची ओरड केली आणि तो बारगळला. १९६५ साली म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. मधल्या वयाची, कमावती माणसं मात्र नोकरीच्या भरवशावर राहिली. आज अमेरिकेतले जवळजवळ निम्मे लोक अशा मालकाच्या विम्यावर आहेत.

या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. विमा हवा असेल तर काम करा, आणि काम करायचं असेल तर धड असा. ज्याला विम्याची सगळ्यात जास्त गरज तोच काम करू शकत नाही, या शक्यतेची व्यवस्था मागाहून, ठिगळं लावून करावी लागली. प्रत्येक ठिगळ वेगळ्या दशकातलं, वेगळ्या खात्याचं, वेगळ्या मुदतीचं.

ही ठिगळं एका उदाहरणावर लावून पाहू. समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा चाळिशीतला एक इंजिनिअर आहे. ग्रीन कार्ड झालेलं आहे, बायको घरून थोडंफार काम करते, दोन मुलं शाळेत जातात, आणि चौघांचा विमा याच्या कंपनीतून. सोमवारी १५ जानेवारी २०२४ला सकाळी दारापुढचा बर्फ ओढताना तो घसरतो आणि मणक्याला जबर मार बसतो. शस्त्रक्रिया, मग अंथरूण, मग फिजिओथेरपी. पुन्हा कामावर कधी, हे डॉक्टर सांगत नाहीत.

पहिला प्रश्न: पडला कुठे? हाच अपघात कंपनीच्या आवारात, काम करताना झाला असता तर ‘वर्कर्स कॉम्पेन्सेशन’ लागू झालं असतं. ही राज्याराज्यांची जुनी व्यवस्था आहे. कामावर झालेल्या दुखापतीचा वैद्यकीय खर्च आणि पगाराचा काही भाग तिच्यातून मिळतो, चूक कुणाची हे न विचारता. पण तीही फक्त त्या दुखापतीपुरती. मणका कामावर मोडला तर मणक्याचा खर्च मिळेल. त्याच माणसाच्या मधुमेहाचा नाही, बायकोच्या बाळंतपणाचा नाही, मुलाच्या दम्याचा तर नाहीच. म्हणजे कामावर पडलेल्यालाही कुटुंबाच्या विम्याचा प्रश्न सुटत नाही. आपला गृहस्थ तर घराच्या पायरीवर पडला.

दुसरा कायदा १९९३चा, रजेचा. पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीत वर्षभर काम झालेलं असेल, आणि गेल्या बारा महिन्यांत निदान १,२५० तास भरलेले असतील, तर गंभीर आजारात १२ आठवड्यांची रजा हक्काने मिळते. रजा बिनपगारी, पण तेवढ्या काळात विमा पूर्वीच्याच अटींवर चालू ठेवणं मालकावर बंधनकारक. यात एक बारीक खाच आहे. विम्याच्या हप्त्यातला नोकराचा वाटा एरवी पगारातून परस्पर कापला जातो, त्यामुळे तो भरावा लागतो हेच लोक विसरून गेलेले असतात. पगार थांबला की कपातही थांबते, आणि तो वाटा आता घरून पाठवावा लागतो. तीस दिवसांहून जास्त उशीर झाला तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन कंपनी विमा बंद करू शकते. उताणं पडून राहायला सांगितलेल्या, वेदनाशामक गोळ्यांच्या गुंगीत असलेल्या माणसाकडून ही तारीख पाळली जाण्याची अपेक्षा आहे. घरात दुसरं कुणी तरी ती पत्रं उघडणारं हवं.

बारा आठवडे ८ एप्रिलला संपतात. त्यापुढे अपंगांच्या हक्कांचा १९९०चा कायदा आहे. त्याच्या आधारे आणखी काही रजा मागता येते, पण ती किती आणि कशी हे प्रत्येक प्रकरणात वेगळं ठरतं, आणि त्या वाढीव रजेत विमा चालूच राहील असं नाही. न्यू जर्सीसारख्या मोजक्या राज्यांत तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता आहे, २६ आठवड्यांपर्यंत. चांगल्या कंपन्या दीर्घ मुदतीचा अपंगत्वविमाही देतात, त्यातून बहुधा पगाराच्या साठ टक्क्यांच्या आसपास रक्कम येते. लोकांची गल्लत होते ती इथे. हे सगळे पैसे पगाराच्या जागी आहेत, औषधाच्या बिलाशी त्यांचा संबंध नाही. दरमहा चेक येतोय म्हणून आपण अजून कंपनीत आहोत असं वाटत राहतं. कंपनीच्या दप्तरी मात्र नाव कधीच कमी झालेलं असतं. धरून चालू की आपल्या गृहस्थाचं नाव एप्रिलअखेर कमी झालं.

आता ‘कोब्रा’ येतो. नाव ऐकून दचकायला नको, एका लांबलचक अर्थसंकल्पी कायद्याची ती आद्याक्षरं आहेत. अध्यक्ष रेगन यांची त्यावर एप्रिल १९८६ मध्ये सही झाली. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीतून बाहेर पडणाऱ्याला जुनाच विमा, त्याच डॉक्टरांसह, १८ महिने चालू ठेवण्याचा हक्क या कायद्याने मिळतो. अट एकच: पूर्ण हप्ता स्वतः भरायचा, वर दोन टक्के व्यवस्थापनखर्च.

पूर्ण हप्ता म्हणजे काय, ते आकड्यांतच बघावं. अमेरिकेतल्या मालकांच्या विम्याची दरवर्षी पाहणी करणाऱ्या केएफएफ या संस्थेच्या २०२४च्या अहवालानुसार कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ नोकराच्या पगारातून कापले जात, बाकीचे कंपनी भरी. म्हणजे नोकरीत असताना दरमहा सुमारे ५२५ डॉलर जात होते. नोकरी गेल्यावर त्याच कागदासाठी, त्याच डॉक्टरांसाठी, दरमहा सुमारे २,१७४. पगार शून्य झाला आणि हप्ता चौपट. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. हा आकडा पाहून लोक कंपनीला शिव्या घालतात, पण कंपनीने काही वाढवलेलं नसतं. विम्याची किंमत पहिल्यापासून एवढीच होती. ती कामगाराला कधी दिसली नव्हती, कारण करकायद्याने ती त्याच्या उत्पन्नात मोजलीच नव्हती.

कोब्राचं पत्र साध्या टपालाने येतं, शेवटच्या नोंदलेल्या पत्त्यावर. मालकाला कळवायला तीस दिवस, विम्याचा कारभार बघणाऱ्याला नोटीस काढायला चौदा, असे ४४ दिवस त्यातच जाऊ शकतात. तेव्हापासून निर्णयाला ६० दिवस, आणि होकार कळवल्यावर पहिला हप्ता भरायला ४५. होकार उशिरा दिला तरी विमा मागच्या तारखेपासून लागू होतो, मधले सगळे हप्ते भरले तर. निरोगी माणसं याचा फायदा घेऊन थांबून बघतात: काही झालं तर भरू, नाही तर सोडून देऊ. मणका मोडलेल्या माणसाला हा खेळ परवडत नाही. मधल्या काळात संगणकावर त्याचा विमा ‘बंद’ दिसतो. औषधाच्या दुकानात रोख पैसे मागतात, फिजिओथेरपीवाले पुढची वेळ देत नाहीत. कायद्याने विमा आहे आणि काउंटरवर नाही, अशा अवस्थेत काही आठवडे निघतात. पावत्या जपून ठेवायच्या आणि नंतर भरपाई मागायची, याला दुसरा इलाज नाही.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कोब्राचा हक्क कुटुंबातल्या प्रत्येकाचा स्वतंत्र आहे. सगळ्यांनी मिळून होय किंवा नाही म्हणायचं असं बंधन नाही. जखमी माणसाने एकट्यापुरता जुना विमा चालू ठेवावा, कारण त्याचा सर्जन आणि त्याचा चालू उपचार त्याच्याशी बांधलेला आहे; बायको-मुलांनी ओबामांच्या काळात सुरू झालेल्या सरकारी विमाबाजारातून स्वस्त विमा घ्यावा. असं वाटून घेतलं तर दरमहा हजारभर डॉलर वाचू शकतात.

या विमाबाजाराला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. २०१०च्या कायद्यातली ही तरतूद २०१४ पासून लागू झाली. त्याआधी वैयक्तिक विमा मागायला गेलेल्या माणसाला बहुतेक राज्यांत ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून सरळ नकार देता येत असे. मोडलेला मणका घेऊन नवा विमा मिळणं जवळपास अशक्य होतं. आता नकार देता येत नाही, जास्त दरही लावता येत नाही, आणि मालकाचा विमा गेल्यापासून ६० दिवसांत कधीही नाव नोंदवता येतं. उत्पन्न घटलेलं असेल तर हप्त्यात सरकारी सवलतही मिळते, जरी २०२१ मध्ये वाढवलेल्या सवलतीची मुदत २०२५ अखेरपर्यंतचीच होती. मग कोब्राच्या भानगडीत पडावंच कशाला? कारण नवा विमा म्हणजे नवं खातं. जुन्या विम्यात जानेवारीपासून स्वतःच्या खिशातून भरलेली रक्कम नव्या विम्यात मोजली जात नाही, घडी पुन्हा शून्यावर. २०२४ मध्ये एका माणसाच्या खिशातून वर्षाला जाऊ शकणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा ९,४५० डॉलर होती. शस्त्रक्रियेपायी एप्रिलपर्यंत ती भरून संपलेला माणूस मेमध्ये पुन्हा पहिल्या डॉलरपासून सुरुवात करतो. आणि ज्याने शस्त्रक्रिया केली तो सर्जन नव्या विम्याच्या यादीत असेलच असं नाही. आणखी एक फास: कोब्रा घेतला आणि चार महिन्यांनी हप्ता झेपेना म्हणून सोडला, तर त्या कारणावरून विमाबाजाराचं दार उघडत नाही. वर्षअखेरच्या खुल्या नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. निवड पहिल्या साठ दिवसांतच नीट करायची असते, म्हणजे नेमकं ज्या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतं त्या दिवसांत.

उत्पन्न अगदीच आटलं तर मेडिकेड आहे, पण ते कुठे राहता यावर. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतच्या सगळ्या प्रौढांना ते द्यायचं असं २०१०च्या कायद्यात होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. न्यू जर्सीने तो स्वीकारला, टेक्सासने अजून नाही. आणि ज्या राज्यांनी स्वीकारला नाही तिथे दारिद्र्यरेषेच्या खाली उत्पन्न गेलं तर विमाबाजाराची सवलतही मिळत नाही, कारण ती सवलत सुरूच त्या रेषेपासून होते. म्हणजे थोडा गरीब असेल त्याला मदत आणि फार गरीब असेल त्याला काही नाही, असा प्रकार होऊ शकतो. ज्या डॅलसमध्ये ५० सेंटांत सगळं सुरू झालं, तिथे आज ही परिस्थिती आहे.

आता मुळातल्या २९ महिन्यांकडे. अपंगत्वाचा सरकारी भत्ता १९५६ पासून आहे. त्यासाठी अपंगत्वाची व्याख्या कडक आहे: माणूस आपलं नेहमीचं कामच काय, कुठलंही कमाईचं काम करू शकत नाही, आणि ही अवस्था निदान १२ महिने टिकणार आहे किंवा तिच्यातून मृत्यू संभवतो. अर्धं अपंगत्व, पाऊण अपंगत्व असला प्रकार नाही. शिवाय पगारातून सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचे पैसे पुरेशी वर्षं कापले गेलेले असावे लागतात. चाळिशीतल्या माणसाला साधारणपणे गेल्या दहा वर्षांतली पाच. पहिल्या फेरीत निम्म्याहून अधिक अर्ज नामंजूर होतात आणि मग अपिलांत महिनोन् महिने जातात.

आपल्या गृहस्थाचा अर्ज मंजूर झाला असं समजू. काम थांबलं १५ जानेवारी २०२४ला. पाच पूर्ण महिने मोजायचे, जानेवारी अर्धा म्हणून धरायचा नाही: फेब्रुवारी ते जून. भत्त्याचा हक्क जुलै २०२४ पासून. त्यात चोवीस महिने मिळवा, मेडिकेअर जुलै २०२६ला. इकडे कोब्रा मे २०२४ पासून १८ महिने, म्हणजे ऑक्टोबर २०२५ अखेर संपतो. मध्ये आठ महिने उघडे पडतात. वाढीव अकरा महिने मिळाले तर कोब्रा सप्टेंबर २०२६ पर्यंत जातो आणि दोन टोकं जुळतात. कागदावर गणित सुरेख सुटतं.

पण त्या वाढीव महिन्यांत हप्ता १५० टक्क्यांपर्यंत आकारता येतो. २०२४चाच भाव धरला तरी दरमहा सुमारे ३,२०० डॉलर. अपंगत्वाचा सरासरी भत्ता २०२४ मध्ये होता महिन्याला दीड हजार डॉलरच्या आसपास. इंजिनिअरचा पगार चांगला होता म्हणून त्याला सरासरीपेक्षा बराच जास्त मिळेल, मुलांपोटीही थोडा मिळेल. गोदामात पेट्या उचलणाऱ्याला नाही. आणि हे अकरा महिने आपोआप मिळत नाहीत. अपंगत्व कोब्राच्या पहिल्या साठ दिवसांच्या आत सुरू झालं होतं असा सोशल सिक्युरिटीचा निर्णय हवा, आणि तो निर्णय ६० दिवसांत, शिवाय पहिले १८ महिने संपायच्या आत, विम्याच्या कारभाऱ्याला कळवलेला हवा. सरकारने निर्णय द्यायलाच वीस महिने लावले तर? दार बंद झालेलं असतं. उशीर एका खात्याने करायचा आणि मुदत दुसऱ्याने मोजायची, हा अनुभव आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही.

चोवीस महिन्यांची ही अट १९७२ साली आली, अपंगांना मेडिकेअरमध्ये घेतलं तेव्हाच. खर्च आटोक्यात राहावा, खासगी विम्याशी दुहेरी भरणा होऊ नये, आणि अपंगत्व खरोखर टिकाऊ आहे याची खात्री पटावी, अशी कारणं तेव्हा दिली गेली. मूत्रपिंड निकामी झालेल्यांसाठी त्याच कायद्यात वेगळी वाट ठेवली. एएलएस या स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजाराच्या रुग्णांना २००१ पासून या चोवीस महिन्यांतून सूट आहे, कारण त्यांतल्या पुष्कळांच्या वाट्याला तेवढं आयुष्यच उरत नसे. बाकीच्यांसाठी पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी अट तशीच आहे.

ग्रीन कार्ड नसलेल्या, एच-वन-बीवर असलेल्या माणसाची गोष्ट तर कोब्रापर्यंतही धड पोहोचत नाही. रजेवर आहे तोवर नोकरीचं नातं टिकतं आणि व्हिसाही टिकतो. नोकरी संपली की जानेवारी २०१७ पासूनच्या नियमानुसार जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात. त्यात नवी नोकरी तरी शोधायची, नाही तर देश सोडायचा. बायको-मुलांचा मुक्कामही त्याच्याच व्हिसाला टांगलेला. प्लास्टरमधल्या माणसाला साठ दिवसांत कोण नोकरी देणार? आणि पगारातून वर्षानुवर्षं कापलेले सोशल सिक्युरिटीचे पैसे भारतात परतल्यावर इथल्या कुठल्या खात्याला जोडता येत नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात तसा करार झालेला नाही. जर्मनी, फ्रान्स, जपान अशा देशांशी भारताचे करार आहेत, अमेरिकेशी नाही. पुण्यात परतल्यावर न्यू जर्सीच्या विम्याचा कागद कुठल्याही रुग्णालयाच्या काउंटरवर कामाचा नसतो.

आणि आपण इथे काय करतोय? हिंजवडीतला दीड लाख पगाराचा इंजिनिअर आणि चाकणच्या कारखान्यातला वीस हजारांचा मशीन ऑपरेटर, दोघांचे हात एकाच दिवशी कामावर जायबंदी झाले असं समजा. संरक्षण जास्त कुणाला? कामगाराला. त्याच्या पगारातून ‘ईएसआय’, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेचा हप्ता, कापला जातो. त्याला बरं होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो, उपचार फुकट, अपंगत्व कायमचं ठरलं तर त्या प्रमाणात आयुष्यभर मासिक रक्कम. एवढंच नाही. अपंगत्वामुळे नोकरीच गेली तरी वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि जोडीदाराला निवृत्तीच्या वयापर्यंत वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. भत्त्यावर असलेल्या कामगाराला कामावरून काढायला १९४८च्या मूळ कायद्याच्या कलम ७३ मध्ये बंदी होती. दुखापत झाली की नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर औषध जाईल, हे त्या कायद्याच्या कर्त्यांनी आधीच ओळखलं होतं. त्यामागचा अहवाल प्रा. बी. पी. आडारकर यांचा, १९४४ सालचा. अमेरिकेत कारखानदार आपापल्या मर्जीने विमा वाटत होते त्याच सुमारास इकडे एक भारतीय अर्थशास्त्रज्ञ कामगारांच्या विम्याला कायद्याचा पाया घालत होता.

ईएसआयच्या दवाखान्यांतल्या रांगा, औषधांचा तुटवडा, मोठ्या रुग्णालयात पाठवण्याच्या चिठ्ठ्यांसाठी होणारे हेलपाटे हे सगळं खरं आहे. कामाबाहेर, घरी पडून झालेल्या दुखापतीला त्यात वेतनाच्या ७० टक्के भत्ता आणि तोही बहुधा ९१ दिवसांपुरता, हेही खरं. आणि २०१७ पासून वेतनाची मर्यादा २१,००० रुपयांवर थांबलेली आहे. पगार बावीस हजार झाला की माणूस या छत्राखालून बाहेर जातो आणि कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमच्या हवाली होतो.

ग्रुप मेडिक्लेम म्हणजे अमेरिकेचीच गाठ, ठिगळांशिवाय. सरकारी नोकराला २०१६च्या दिव्यांग कायद्याने संरक्षण आहे: सेवेत अपंगत्व आलं तर काढता येत नाही, दुसरं काम द्यायचं, नाहीच जमलं तर जादा पद निर्माण करायचं. खासगी कंपनीतल्या नोकराला यातलं काही नाही. तिकडच्यासारखी विम्यासकट बारा आठवड्यांची हक्काची रजा इथे नाही, आणि जुनीच पॉलिसी दीड वर्ष चालू ठेवण्याचा हक्कही नाही. कामाचा शेवटचा दिवस हाच सर्वसाधारणपणे विम्याचाही शेवटचा दिवस, आणि त्या पॉलिसीत आईवडिलांची नावं घातलेली असतील तर त्यांचाही. कार्ड मात्र पाकिटात राहतं, त्यामुळे हे बऱ्याचदा रुग्णालयात दाखल होताना कळतं.

एक वाट आहे. विमा नियामकाच्या नियमांनुसार ग्रुपमधल्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागता येतं आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळातून वजा होतात. पण कंपनी प्रकृती तपासून निर्णय घेऊ शकते. धडधाकट माणसाला ती हसत घेते. मणक्यात स्क्रू बसवलेल्याला जादा हप्ता सांगते किंवा नाही म्हणते. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारासाठी २०२४च्या नियमाने कमाल तीन वर्षांची प्रतीक्षा, पूर्वी ती चार होती. म्हणून कंपनीचा विमा असतानाच एक छोटी स्वतःची पॉलिसी काढून ठेवावी, म्हणजे ही तीन वर्षं नोकरीत असतानाच संपून जातात. हप्ता दोनदा भरल्यासारखा वाटतो खरा. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि ते कुणाच्या नोकरीवर अवलंबून नाही. मात्र ठरलेल्या रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांना. केशरी शिधापत्रिका कपाटात ठेवून विसरलेल्या मध्यमवर्गाला ही योजना आपल्यासाठीही आहे हे अजून उमगायचं आहे.

ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज मात्र ग्रुपची पॉलिसी जिवंत असताना, शेवटच्या तारखेच्या आधी करायचा असतो. त्यासाठी ग्रुप पॉलिसीचा क्रमांक आणि आपण तिच्यात कधीपासून आहोत याचं विमा कंपनीचं लेखी प्रमाणपत्र लागतं, आणि ते एचआरकडून मागून घ्यावं लागतं. नोकरी सोडतानाच्या फॉर्मवर लॅपटॉप, ओळखपत्र, पार्किंगचा पास परत केल्याच्या चौकटी असतात. या प्रमाणपत्राची चौकट मी पाहिलेल्या एकाही फॉर्मवर नव्हती.